कोकमाने वजन उतरते का? आधी मोजायला तर शिकू

पालकसभेत हल्ली मार्कांइतकीच चर्चा मुलांच्या वजनाची असते. "सर, पोरगं लई सुटलंय, कोकमाचा अर्क चालू केलाय, चालंल न्हवं?" असे विचारताना बाटलीवरचे 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्दही दाखवले जातात. शेजारच्या काकूंचे पाच किलो उतरले, हा पुरावा.

आता काकूंनी अर्कासोबत रात्रीचा भात सोडला होता, आणि चालायलाही लागल्या होत्या. मग वजन कशाने उतरले? इथेच नववी-दहावीचा विज्ञानाचा तास सुरू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या कोल्हापूरकरांना कोकम काही नवीन नाही. तांबडा-पांढरा ओरपला की सोलकढी लागतेच. या कोकमात आणि त्याच्या मलबारी भावंडात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते. शरीरात पिष्टाची चरबी बनवणारे एक विकर ते अडवते. उंदरांवर परिणाम दिसला आणि जगभर गोळ्यांचा बाजार उभा राहिला. म्हणून न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांनी हे माणसांवर तपासले. निष्कर्ष १९९८ साली छापून आले. जास्त वजनाची १३५ माणसे, १२ आठवडे. निम्म्यांना मलबारी फळाचा अर्क, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. जेवण मात्र सगळ्यांना सारखेच, कमी उष्मांकाचे.

अर्कवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले. व्वा! पण नुसत्या गोळीवाल्यांचे ४.१ किलोने. एवढा फरक योगायोगानेही पडतो, त्यामुळे खोटी गोळी भारी असे कोणी समजू नये. अर्काचा वेगळा फायदा दिसला नाही, एवढेच. दुसरा गट नसता तर ३.२ किलोचे श्रेय अर्कानेच लाटले असते. मुलांना फळ्यावर हे दोनच आकडे लिहून द्या आणि विचारा, "दुसरा गट कशाला घेतला?" नियंत्रित प्रयोगाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे बरे.

"झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना?" हा पुढचा प्रश्न. दुधीचा रसच घ्या. दुधी कडू निघाला तर तो विषारी असतो. त्याच्या रसाने माणसे दगावली आहेत, आणि कडू लागताच रस टाकून द्या असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितले आहे. शिवाय 'हर्बल' म्हणून विकलेल्या काही पदार्थांत सिबुट्रामिन सापडले आहे. हृदयाला धोका म्हणून २०११ साली भारतात बंद केलेले हे औषध!

लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा-उपाय जाहिरात कायद्याने मनाई आहे, त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचे नाव आहे. तरी भिंती रंगलेल्याच.

आणि वरची चाचणी मोठ्या माणसांवरची होती. वाढत्या वयाच्या पोराला अशी बाटली सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, उंची-वजन दोन्ही मोजून घ्या. सोलकढी खुशाल प्या, जेवणातली म्हणून.