वाचवण्याचे पॉइंट किती?

गेल्या आठवड्यात भाचा किनवटला आमच्याकडे आला होता, लॅपटॉपवर 'बायोशॉक' घेऊन. गेम तसा जुना, २००७ सालचा. "मामा, तुम्ही ते भांडवलशाही वगैरे वाचता ना, त्याच्यावरच आहे हा." असं म्हटल्यावर मामा बसणारच!

समुद्राच्या तळाशी रॅप्चर नावाचं शहर. ज्याने त्याने आपला स्वार्थ बघावा, सरकार आणि धर्म आड येऊ नये, या तत्त्वावर वसवलेलं आणि त्यातच सडलेलं. आयन रँडच्या विचारांवर सरळ टीका. इथपर्यंत मी खूश.

इथे लहान मुली भेटतात. त्यांच्या अंगात 'ॲडम' असतं, आणि नवी ताकद विकत घ्यायची तर ॲडमच मोजावं लागतं. मुलीचा जीव घेतला तर १६०, वाचवली तर ८०. मी वाचवली, अर्थात. भाचा हसला, "काळजी करू नका, तीन वाचवल्या की २०० ची भेट येते."

झालं! वहीच्या मागे हिशोब मांडला. तीन मारल्या तर ४८०, तीन वाचवल्या तर ४४०. शिवाय भेटीत इतर सामान असतं ते वेगळंच. स्वार्थाला शिव्या घालणाऱ्या गेमने माझी दया चक्क मुदत ठेवीत टाकली की हो. पुढची मुलगी दिसली तेव्हा "तीनातली दुसरी" असं मनात मोजलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

भाच्याचं म्हणणं, शेवट वेगळा होतो ना. अरे बाबा, गोड शेवट हेही बक्षीसच!

एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंना १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळालं. जमीनमालक भाड्यावर गब्बर होतो आणि बाकीचे कंगाल, हे त्यांना खेळातून दाखवायचं होतं. त्यातूनच पुढे मोनोपॉली आली, आणि तिचा देशी अवतार म्हणजे आपला व्यापार. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाने मुंबई घेऊन मला धुऊन काढलं तेव्हा मी रडलो. पण जमीनमालकी वाईट असं काही डोक्यात आलं नाही. पुढच्या वेळी आधी मुंबई घ्यायची, एवढंच शिकलो.

मला विचाराल तर मुलगी वाचवल्यावर काहीच मिळू नये. पुढची लढाई जड जावी, चार वेळा मरावं लागावं.

"मग असा गेम खेळेल कोण, मामा?"

मी खेळेन म्हटलं. तो "बघू" म्हणाला आणि तिसरी मुलगी वाचवायला निघाला.