वाळूचा ढीग आणि हिरवीगार लॉन

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बहुतेक प्राणिसंग्रहालयांना जंगल थोडंफार दाखवता येतं, पण वाळवंट आणि गवताळ प्रदेश दाखवता येत नाहीत. त्यांच्या लेखी वाळवंट म्हणजे वाळूचा ढीग आणि गवताळ प्रदेश म्हणजे लॉन. त्यातल्या त्यात वाळवंटाचं नशीब बरं, गवताचे हाल कुत्रं खात नाही. आणि हा नुसता सजावटीचा प्रश्न नाही. मुलं तिथून जे डोक्यात घेऊन बाहेर पडतात, त्याचा हिशेब पुढे आपल्या माळरानांच्या नावावर लागतो.

आमचा एक भाचा आहे (ब्लॉग वाचतो, त्याला कळेलच). तो म्हणतो, "मावशी, लोक तिथे वाघ बघायला आणि भेळ खायला जातात, भूगोल शिकायला नाही." बाबा रे, मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. मुलं भूगोल पुस्तकातून कमी आणि चित्रांतून जास्त शिकतात. चौथीतल्या कुठल्याही मुलाला वाळवंट काढायला सांग. एक उंट, एक खजुराचं झाड आणि शेजारी हात वर केलेला तो उंच निवडुंग. आता हा हातवाला निवडुंग, त्याला सग्वारो म्हणतात, अमेरिकेच्या ॲरिझोनात आणि मेक्सिकोच्या सोनोरा भागात उगवतो. आपल्या उंटाने तो कधी पाहिलेलाही नाही. पण चित्रात दोघं शेजारी-शेजारी, आणि मी एका ठिकाणी चक्क सहारातल्या फेनेक कोल्ह्याच्या काचेच्या खोलीत प्लास्टरचा सग्वारो उभा केलेला पाहिला आहे. नाव घेत नाही, कारण असं करणारं ते एकटंच ठिकाण नसणार. कोल्ह्याचे कान एवढे मोठे का, तर त्यांतून अंगातली उष्णता बाहेर टाकली जाते, हे सांगणारी पाटी मात्र कुठे नव्हती. प्लास्टरवर केलेल्या खर्चात अशा दहा पाट्या झाल्या असत्या.

मुंबईच्या राणीच्या बागेतले पेंग्विन घ्या. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले, बघायला केवढ्या रांगा लागल्या! रांगेतल्या दहा जणांना विचारा हा पक्षी कुठला, नऊ जण बर्फाचं नाव घेतील. ते हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं घर पेरू आणि उत्तर चिलीचा किनारा, म्हणजे जगातल्या अतिशय कोरड्या वाळवंटाची कड. समुद्राचा प्रवाह थंड म्हणून पाणी थंड, आणि किनाऱ्यावर पावसाचा पत्ता नाही. वाळवंटाला लागून राहणारा पक्षी मुंबईत येऊन बसला आणि आपण त्याला हिमालयात नेऊन ठेवला. गंमत आहे की नाही?

वाळवंट नीट दाखवता येतं, हे मी पाहिलेलं आहे म्हणून एवढ्या जोरात बोलते. आमची लेक फिनिक्सजवळ राहते. तिथून दोनेक तासांवर टूसॉनच्या बाहेर ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे, १९५२ साली सुरू झालेलं. नावात म्युझियम असलं तरी निम्मं प्राणिसंग्रहालय आणि निम्मी वनस्पतींची बाग. त्यांचा नियम साधा आहे: फक्त आमच्या वाळवंटातलं दाखवणार. सिंह नाही, जिराफ नाही, हत्ती नाही. तिथे कायोटी नावाचे कोल्ह्यासारखे प्राणी आणि हावेलिना नावाचे रानडुकरासारखे प्राणी खऱ्या काटेरी झुडपांतून फिरतात, आणि मधली जाळी इतकी बारीक की चटकन दिसतच नाही. सग्वारो खरे. त्या झाडाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात म्हणे. म्हणजे माझ्या वयाला त्याचं आता कुठे सुरू!

पण मला सगळ्यात आवडलं ते जमिनीखालचं भुयार. वाळवंटातले निम्मेअधिक जीव दिवसा बिळात असतात. वर जमीन सत्तर अंशांपर्यंत तापते आणि हातभर खाली गारवा असतो. मग वर वाळू पसरून प्राणी दिसण्याची वाट कशाला बघायची? त्यांनी माणसालाच खाली नेलं. बिळाचा छेद काचेतून दिसतो. तिथल्या कांगारू उंदराला आयुष्यभर पाणी प्यावं लागत नाही. कोरड्या बिया पचताना शरीरात जेवढं पाणी तयार होतं तेवढ्यावर तो जगतो. हे वाचून माझा नातू पंधरा मिनिटं हलला नाही. वाघापुढे तो पाच मिनिटं टिकतो.

आणखी एक गोष्ट. त्याच आवारात वाळवंटी गवताळ प्रदेशाचा वेगळा भाग आहे. तिथे प्रेअरी डॉग असतात (नाव कुत्र्याचं, जात खारीची) आणि बिळात राहणारं छोटं घुबड. गुरांचं गवत खातात म्हणून या प्रेअरी डॉगना एकेकाळी विष घालून ॲरिझोनातून संपवलं होतं. २००८ मध्ये त्यांना पुन्हा आणून सोडलं. वाळवंट आणि गवत यांच्यामध्ये भिंत नसते, थोडा पाऊस जास्त, थोडी माती बरी, की एकातून दुसरं सुरू होतं, हे तिथे चालता चालता कळतं. आपल्या थरमध्येही तेच. जैसलमेरकडे नुसत्या वाळूच्या टेकड्या नाहीत, सेवण गवताची मोठमोठी कुरणं आहेत. माळढोक तिथे राहतो तो त्या गवतासाठी.

आता गवताकडे येते. इथे माझा पारा चढतो.

गवताळ प्रदेश दाखवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचं मूळ जर्मनीत आहे. कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ गजांशिवायचं प्राणिसंग्रहालय काढलं. पुढे तळं, मागे चरणारे प्राणी, त्यामागे सिंह आणि मधे प्रेक्षकाला न दिसणारे खंदक. पिंजऱ्यातून सुटका झाली, चांगलंच झालं. पण त्याने केलं ते नाटकाचं नेपथ्य. प्राणी म्हणजे पात्रं आणि गवत म्हणजे सतरंजी! सतरंजीकडे कोण बघतो? शंभराहून जास्त वर्षं झाली, तीच सतरंजी अजून झटकून वापरतात.

सॅन डिएगोजवळचं सफारी पार्क (१९७२ साली सुरू झालं) मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटलं, कारण त्यांच्याकडे जागा आहे, सुमारे अठराशे एकर. जिराफ, गेंडे, हरणं मोकळ्या माळावर एकत्र फिरतात, आपण गाडीतून लांबून बघायचं. उन्हाळ्यात तिथल्या टेकड्या पिवळ्या पडतात, त्या पिवळ्याच असतात. अर्थात एवढी जमीन आपल्या कुठल्या महापालिकेला परवडणार, हे मलाही कळतं.

पण अर्ध्या एकरात वीस काळविटं सोडण्याची सक्ती तर कुणी केलेली नाही ना? आपल्याकडच्या एका शहरातल्या संग्रहालयात मी ती पाहिली. पाटीवर लिहिलेलं: आढळ - गवताळ प्रदेश, आहार - गवत. आणि आत गवताची एक काडी नाही! वीस प्राण्यांच्या खुरांनी आणि तोंडांनी माती टणक झालेली, मधे सिमेंटचं गव्हाण. बाहेर पर्यटकांच्या बाजूला मात्र फवारे मारून जोपासलेली मऊ लॉन, त्यावर 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. म्हणजे गवत माणसांना बघायला आणि काळविटांना वाळवंट! मी तिथल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "आजी, गवत वाढवलं तर प्राणी दिसत नाहीत, लोक तक्रार करतात."

हेच ते. काळवीट दिसू नये म्हणूनच तर पिल्लू गवतात दडतं. आणि मोठं काळवीट लपत नाही, ते लांबवर बघतं आणि धावतं. त्याला उघडा माळ लागतो, झाडी नको. झाडीत शत्रू दबा धरतो. हे एवढं कळलं तर मुलाला गवताळ प्रदेश कळला. कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं आहे, पण मे महिन्यात तिथला पिवळा माळ अर्धा तास बघितला तरी त्या पाटीपेक्षा जास्त कळतं. तो माळ मेलेला नसतो. मुळं खाली जिवंत असतात, पहिल्या पावसाची वाट बघत. पवना, मारवेल, कुसळी ही गवतांची नावं आमच्या भागातल्या धनगरांच्या पोरांना पाठ असायची. एखाद्या संग्रहालयाच्या पाटीवर ती अजून मला दिसायची आहेत.

भाचा म्हणेल, इतकं चिडायला काय झालं? सांगते. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, 'वेस्टलँड्स ॲटलास'. त्यात झुडपी माळ पडीक आणि वाळवंटातली वाळूही पडीक. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. सौर प्रकल्प, कारखाने, नाहीतर वृक्षारोपण. हो, वृक्षारोपणसुद्धा! माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावतात आणि निसर्गाची सेवा केली म्हणून फोटो काढतात. माळढोकासाठी सोलापूरकडे १९७९ साली अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. राजस्थानात वाचलेल्यांच्या वाटेत विजेच्या तारा. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेतला. आता अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र जैसलमेरकडे चाललंय, ते काम उत्तम आहे. पण ती पिल्लं उद्या सोडायची कुठे?

वाघाचं जंगल तोडायचं म्हटलं तर लोक रस्त्यावर येतात. माळ गेला तर कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही, कारण तिथे काही होतं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. ही मोठी झालेली मुलं त्याच संग्रहालयांतून फिरलेली आहेत. नकाशे रंगवणारे साहेबही.

माझी मागणी फार मोठी नाही. वीस काळविटांच्या जागी सहा ठेवा. आवाराचे दोन भाग करा, एकात प्राणी, दुसऱ्यात गवत वाढू द्या, मग अदलाबदल. धनगराला हे कळतं, अधिकाऱ्यांनाही कळेल. उन्हाळ्यात गवत पिवळं पडू द्या, पाणी मारू नका. शेजारी एक वारूळ आणि एका बिळाचा छेद काचेत दाखवा, खोकड कसं राहतं ते कळेल. आणि प्राणी दिसला नाही तर "थांबा, तो इथेच आहे" अशी पाटी लावा. लोक थांबतात. टूसॉनला प्रेअरी डॉगच्या बिळाशी लोक ताटकळत उभे होते, आणि तो काही वाघ नव्हे.

त्या संग्रहालयाच्या संचालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. गवतांची नावं तपासून द्यायला कुणी वनस्पतिशास्त्रवाले वाचक असतील तर कळवा. आणि ज्यांना सही करायची असेल त्यांनीही. भाच्याची सही मी गृहीत धरली आहे.