‘घाशीराम’ आपल्या रंगमंचावर आला पाहिजे

पावसाळ्याच्या तोंडी आपल्या कार्यकारिणीसमोर एक पत्र आले होते. पुण्याकडील एका हौशी नाट्यसंस्थेचा तरुण संच ‘घाशीराम कोतवाल’ घेऊन हिवाळ्यात मराठवाड्याच्या दौऱ्यावर निघणार आहे. नांदेडपर्यंत येणारच आहोत, तर हैदराबादेत एक प्रयोग लावता येईल काय, एवढीच विचारणा त्यात होती. पत्रावर फारशी चर्चा झाली नाही. ‘विषय वादग्रस्त असल्याने तूर्त विचार नाही’ असा शेरा इतिवृत्तात पडला. राज्य शासनाच्या सेवेत असताना हा ‘तूर्त विचार नाही’ मी स्वतः शेकडो कागदांवर लिहिला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हा निर्णय चुकीचा आहे आणि तो बदलला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेख.

नाटकामागची घटना खरी आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. घाशीराम सावळदास हा परप्रांतीय गृहस्थ नाना फडणविसांच्या कारभारात सुमारे चौदा वर्षे पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये, श्रावणातील दक्षिणेचा सोहळा आटोपल्यावर, काही तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या शिपायांनी चोरीच्या आळावरून धरले आणि एका कोंदट कोठडीत रात्रभर डांबले. सकाळी दार उघडले तेव्हा आत प्रेतांचा खच होता. मृतांचा आकडा निरनिराळ्या लेखांत निरनिराळा आहे, पण वीसच्या खाली तो कोणी नेत नाही. शहर खवळले, तेलंगी ब्राह्मण न्याय मागत नानांच्या दाराशी ठाण मांडून बसले, आणि ३१ ऑगस्ट रोजी घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले. त्याची धिंड निघाली आणि दगडांनी ठेचून त्याला मारण्यात आले. सत्तर-बहात्तर वर्षांनी, १८६३ साली, मोरोबा कान्होबांनी याच नावावर आपले पुस्तक लिहिले. म्हणजे विजय तेंडुलकरांनी हा कोतवाल हवेतून काढलेला नाही.

पहिला आक्षेप नानांच्या बदनामीचा. तो मी हसण्यावारी नेत नाही. तळेगाव-वडगावपासून सालबाईपर्यंत आणि पुढे १७९५ च्या खर्ड्यापर्यंत ज्या माणसाने मराठी दौलत सावरून धरली, तो रंगमंचावर बाहुल्यासारखा थिरकताना पाहून जुन्या माणसाच्या पोटात कालवते, हे मला मान्य आहे. नाटकात घाशीराम आपल्या मुलीच्या बदल्यात कोतवाली मिळवतो. या सौद्याला अस्सल कागदाचा आधार नाही, असे इतिहासाचे जाणकार सांगतात, आणि ते बरोबरच असावेत. तथापि हे इतिहासाचे नाटक नव्हे, असे खुद्द नाटककारानेच बजावून ठेवले आहे. त्याला सांगायचे आहे ते असे, की सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम निर्माण करते, त्याच्याकरवी हवे ते करून घेते आणि निकड संपली की त्याला जमावापुढे फेकून देते. नानांच्या जागी कोणतेही नाव घाला, हिशोब तोच राहतो.

आणि तरीही ज्यांना खटकते त्यांच्यासाठी एक जुनी वाट आहेच. १९८० साली थिएटर अकॅडमीचा संच हे नाटक घेऊन युरोपात निघाला, तेव्हा विरोध कोर्टापर्यंत गेला होता. प्रयोगापूर्वी नानांच्या ऐतिहासिक थोरवीविषयी निवेदन वाचावे, अशा तडजोडीवर दौरा पार पडला. आपणही निवेदन वाचू. हवे तर मी वाचतो. नानांविषयी आदराने पाच मिनिटे बोलणे मला मुळीच जड जाणार नाही.

हा विरोध नवा नाही, हेही सांगून टाकतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला आणि एकोणीस प्रयोगांनंतर त्याच संस्थेने स्वतःच तो थांबवला. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी उभी केली आणि १९७४ पासून नाटक पुन्हा धावू लागले. ज्या पुण्यात नानांचा वाडा आहे, त्या पुण्याने वादावादीनंतर का होईना हे नाटक पचवले, आणि आपण, जे नानांच्या प्रतिस्पर्ध्याच्या राजधानीत आठ-आठ पिढ्या सुखाने नांदलो, तेवढे हळवे का झालो आहोत? (साडेतीन शहाण्यांतील विठ्ठल सुंदर हा निजामाच्या पदरचा, आणि त्या हिशोबात आपल्या वाट्याला पूर्ण शहाणा आला व पुण्याच्या नानांकडे अर्धा, अशी थट्टा आमचे आजोबा करीत.)

आता संगीताबद्दल, कारण विरोध करणारे याविषयी एक अक्षर बोलत नाहीत. १९८२ च्या सुमारास पुण्यास मामांकडे असताना मी मूळ संचाचा प्रयोग पाहिला. मामा नानांचे परमभक्त. ‘पाहू तरी काय दिवे लावले आहेत’ म्हणत आले होते. पडदा नव्हताच. ब्राह्मणांची एक रांग गणेशाचे नमन करीत, डुलत, पावले टाकीत समोर उभी राहिली, आणि पुढे तीच रांग भिंत झाली, दार झाली, बावनखणीकडे लगबगीने निघालेली मंडळी झाली, शेवटी दगड उचलणारा जमाव झाली. कोकणातील खेळ्यांचा बाज, दशावताराची उठवळ गंमत, कीर्तनाचा टाळ आणि त्याला चिकटूनच ढोलकीची थाप! हरिनामाचा गजर चालू असताना त्याच लयीत लावणी कशी शिरते, आणि पुन्हा गजर सुरू झाला की त्या भक्तीकडे आपण पहिल्यासारखे का पाहू शकत नाही, हे शब्दांत सांगता येत नाही. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन यांतून जे झाले, ते संवाद वाचून कधीच कळणार नाही. संहिता वाचून ‘अश्लील’ म्हणणाऱ्यांनी प्रयोग पाहिलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. मामा परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नानांचे काही खरे नाही, पण एकाचाही पाय चुकला नाही रे.” त्यांचे मत बदलले नव्हते. पुढच्या खेपेस मात्र मामींना घेऊन ते पुन्हा जाऊन आले.

खेदाची गोष्ट ही, की गेल्या काही वर्षांत आपण पाहुणे संच म्हणून बोलावतो ते बहुधा दोन पात्रांचे विनोदी फार्स आणि जुन्या नाट्यपदांच्या मैफली. पदे मला प्रिय आहेत. पण संगीत नाटक म्हणजे साठी उलटलेल्या श्रोत्यांनी डोळे मिटून ऐकायची पदे, असे आपल्या नातवंडांना वाटू लागले असेल तर त्यांचा दोष काय? ही मुले घरी मराठी बोलतात, वाचत नाहीत, आणि सभागृहात आपल्या आग्रहास्तव येऊन मोबाइलवर बोटे फिरवतात. कीर्तन, खेळे, लावणी, दशावतार हे सगळे एका संध्याकाळी त्यांच्यापुढे जिवंत उभे करणारे दुसरे नाटक मला कोणी सुचवावे, मी माझा आग्रह सोडून देईन.

मात्र खरा आक्षेप यांपैकी कोणताच नाही. तो बैठकीनंतर चहाच्या वेळी हळू आवाजात ऐकू आला: “आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना आपण हे दाखवायचे? मेले ते त्यांचेच लोक ना!” मला वाटते, नेमके म्हणूनच दाखवायचे. दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेच्या आशेने आपल्या राजधानीत आलेले पाहुणे आपल्या कोतवालीत गुदमरून मेले. ही गोष्ट आपणच आपल्या भाषेत, आपल्या ढोलकीवर मांडतो आणि त्यात स्वतःला सोडत नाही, हे शेजाऱ्यांना कळले तर आपली मान खाली जाईल असे मला वाटत नाही. शिवाजी महाराजांची आणि खर्ड्याची गोष्ट अभिमानाने सांगायची, आणि १७९१ ची आली की दार लावून घ्यायचे, हा व्यवहार परमुलुखात राहणाऱ्याला शोभत नाही. येथे आपणही कधीकाळी परप्रांतीयच होतो. एखाद्या शहराला परक्या माणसाचा कसा उपयोग होतो आणि संकटात पहिला दगड कोणावर पडतो, हे घाशीरामाच्या गोष्टीतून आपल्याइतके कोणाला समजावे?

आणखी एक बोलतो, थोडे वैयक्तिक आहे. नाटकातला घाशीराम परवाना मागत फिरतो. परवाना नसेल तर कोठडी. तीन दशके परवाने देण्या-नाकारण्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते प्रसंग करमणूक म्हणून पाहता येत नाहीत. वरून तोंडी सूचना यायची, सही खालच्याची असायची, आणि प्रकरण अंगाशी आले की सूचना देणाऱ्याला काहीच आठवत नसे. एका तालुक्यात माझ्या हाताखालच्या एका कारकुनाचा असाच बळी गेला आणि मी तेव्हा गप्प बसलो. शेवटी घाशीरामाच्या प्रेताजवळ नाना येतात आणि तीन दिवस उत्सव करण्याची आज्ञा सोडतात, तेव्हा मला तो कारकून आठवतो.

खर्चाचे म्हणाल, तर संच मोठा आहे, तीस-पस्तीस माणसे वादकांसह. त्यांची एक रात्र आपल्या वरच्या सभागृहात गाद्या घालून होईल, जेवणाची जबाबदारी काचीगुडा आणि सुलतान बाजारातील दहा-बारा घरांनी वाटून घ्यावी. पूर्वी येणाऱ्या नाटकमंडळींना आपल्या आयाआज्यांनी असेच जेवू घातले आहे. माझ्या घरी पाच पाने वाढली जातील. शेजारच्या तेलुगू वाचनालयालाही निमंत्रण पाठवावे आणि कथेचा एक पानी गोषवारा तेलुगूत छापावा. तो मी लिहून देतो.

त्या संस्थेला अजून अंतिम नकार गेलेला नाही, असे चिटणिसांकडून समजले. दसऱ्यापूर्वीच्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावा, अशी रीतसर मागणी सत्तावीस सभासदांच्या सह्यांनिशी मी कार्यालयात दिली आहे. संहितेच्या दोन प्रती ग्रंथपालांकडे ठेवल्या आहेत. विरोध करू इच्छिणाऱ्यांनी त्या आधी घरी न्याव्यात, आठ दिवसांत परत कराव्यात.