घरचा पाना कुठपर्यंत?

नाशिकचे प्रादेशिक परिवहन कार्यालय पेठ रोडवर आहे. त्याच रस्त्याने साधारण पंचावन्न किलोमीटर पुढे गेले की पेठ येते. वाटेत सावळघाट आहे, कोटंबीचा घाट आहे, आणि पावसाळ्यात दर वर्षी नव्याने पडणारे खड्डे आहेत. या रस्त्यावर रोज धावणाऱ्या खासगी गाडीची, मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे, नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत त्या गाडीचे शॉकअप जिवंत आहेत की मेले, हे विचारायला कोणीही येत नाही. पीयूसी काढताना धूर तपासतात, चाकांच्या वरचे काही पाहत नाहीत. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी आणि जर्मनीत पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी खासगी मोटारीचीही तपासणी होते, तीत सस्पेन्शन पाहतात. आपल्याकडे ही जबाबदारी कायद्याने मालकावर सोडली आहे, आणि मालकाने ती नशिबावर. म्हणून शॉकअप आणि सस्पेन्शनचे झिजलेले भाग घरच्या घरी तपासणे, आणि त्यातले काही घरच्या घरी बदलणे, याला माझा पाठिंबा आहे. मात्र ‘काही’ या शब्दाची हद्द नेमकी कुठे, हे ठरवल्याशिवाय हा पाठिंबा धोक्याचा आहे. ती हद्द ठरवायला एक साधी कसोटी आहे: भाग सोडवताना दाबलेली स्प्रिंग मोकळी होते का?

आधी एक गैरसमज बाजूला करू. शॉकअप हा आरामाचा भाग आहे, कंबर दुखायला लागली की बदलायचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गाडीचे वजन पेलतात ते पाटे किंवा स्प्रिंगा. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत उसळते आणि तिला मोकळे सोडले तर ती उसळतच राहते. ही उसळी जिरवण्याचे काम शॉकअप करतो. आतला दट्ट्या तेलातून बारीक छिद्रांवाटे सरकतो, तेलाचा विरोध होतो आणि उसळीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सील फाटून तेल गळाले किंवा आतल्या झडपा झिजल्या की हा विरोध संपतो आणि चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी नाचू लागते. नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नाही, कारण ब्रेक चाकाला थांबवतो आणि गाडीला थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. एबीएस असलेल्या गाडीतही तीच पकड लागते. म्हणजे मेलेला शॉकअप ही ब्रेकची अडचण आहे, आणि घाटात उतरताना ती वळणावरच समोर येते. शॉकअप एका दिवसात मरत नाही, ही आणखी वाईट गोष्ट. तो महिनोन्‌महिने ढिला होत जातो, चालवणाऱ्याचा हात त्या ढिलेपणाला सरावतो, आणि गाडी ‘चांगली चालते आहे’ असे त्याला प्रामाणिकपणे वाटत राहते.

पेठ तालुक्यात हा प्रश्न शहरापेक्षा टोकदार होतो, कारण इथल्या गाड्या फक्त माणसे वाहत नाहीत. सवारी नेणारी जीप, बोलेरो, भाजीपाल्याची पिकअप ही इथली रोजची वाहने. नाशिकचा भाजीपाला वापी-सुरतेच्या बाजाराकडे जातो त्यातला बराचसा याच वाटेने. टोमॅटोची एक जाळी साधारण वीस किलोची. पिकअपच्या हौद्यात त्यांचे थर लावताना वजनापेक्षा भाड्याचा हिशेब आधी होतो. मग पाटे बसतात, आणि त्यावर जुना रामबाण उपाय म्हणजे एक पाटा वाढवणे. वाढीव पाट्याने गाडी उंच दिसते, भार पेलते, पण स्प्रिंग जितकी कडक तितकी तिची उसळी जोरदार, आणि ती जिरवायला शॉकअप मात्र तोच जुना. रिकामी परतताना हीच पिकअप खड्ड्याखड्ड्यावर मागून उडते. म्हणजे पाटा वाढवून मालक ज्या दुखण्यावर इलाज करतो, तेच दुखणे दुसरीकडून वाढवतो. गंमत म्हणजे खऱ्या इलाजासाठी लागणारे ज्ञान आणि माल दोन्ही जिल्ह्यातच आहेत. बोलेरो नाशिकच्या महिंद्र कारखान्यात बनत आली आहे आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीचाही कारखाना नाशिकमध्ये आहे. पेठेतल्या मालकाला मात्र अलाइनमेंटचे यंत्र असलेल्या मोठ्या गॅरेजसाठी जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर आणि एक दिवसाचा धंदा मोजावा लागतो. म्हणून काम पुढे ढकलले जाते.

हे ढकलणे थांबवायचे तर तपासणी दारात व्हायला हवी, आणि तिला एकही महाग हत्यार लागत नाही. बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचे, ही लोकप्रिय चाचणी अगदी मेलेला शॉकअप दाखवते, अर्धमेला दाखवत नाही. त्यापेक्षा विजेरी आणि तळहात जास्त खरे बोलतात. शॉकअपच्या नळीवर चिखल चिकटून ओला-काळा थर बसला असेल तर तेल गळते आहे; नुसती धूळ असेल तर चिंता नाही. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवावा. रबर ठिकठिकाणी खोलगट झाले असेल, हात उंच-सखल जात असेल, तर ते चाक नाचते आहे. दोन्ही टोकांच्या रबर बुशला भेगा आहेत का, पाट्यांपैकी एखादा तुटला आहे का, यू-बोल्टच्या नटाखाली ताज्या गंजाची लालसर रेघ आहे का, हे गाडीखाली वाकून दहा मिनिटांत दिसते. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा एवढे पाहिले, तरी कायद्याने न मागितलेली तपासणी आपोआप झाली.

आता बदलण्याकडे वळू. बोलेरोच्या किंवा तशाच गाडीच्या मागच्या बाजूला वजन पाट्यांवर असते आणि शॉकअप वेगळा, वर-खाली एकेका बोल्टवर बसवलेला असतो. तो काढला तरी पाटा जागचा हलत नाही, गाडी चाकांवरच उभी राहते. हे काम घरी करण्यासारखे आहे. गंजलेल्या नटावर आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवावे, चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. जुना शॉकअप हातात आला की उभा धरून दाबावा आणि ओढावा. मध्येच दट्ट्या पोकळीत गेल्यासारखा सटकत असेल तर निदान बरोबर होते. नवा बसवण्याआधी तोही उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावा, म्हणजे आडव्या साठवणीत तेलात शिरलेली हवा निघते. बदलायचे ते जोडीने, कारण एक बाजू कडक आणि एक ढिली गाडी वळणावर दोन मनांची होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, बुशमधून जाणारा बोल्ट शेवटचा करकचून आवळायचा तो गाडीचा भार चाकांवर असताना. चाक लटकते ठेवून आवळला तर गाडी खाली टेकताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. नवे बुश लवकर गेले म्हणून आपण मालाला शिव्या घालतो. अनेकदा दोष आवळण्याच्या वेळेचा असतो.

स्विफ्टसारख्या लहान मोटारींच्या पुढच्या चाकांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तिथे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात. त्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. या खांबावरची स्प्रिंग गाडीतून काढल्यावरही दाबलेलीच असते, कारण वरचा एक नट तिला अडवून असतो. नऊशे किलोच्या आसपास वजनाच्या मोटारीच्या पुढच्या एकेका चाकावर अडीच-तीनशे किलो भार येतो, त्यावरून त्या स्प्रिंगची ताकद ओळखावी. स्प्रिंग नीट आवळून न धरता तो नट सोडवला तर ती सुटून हात, जबडा किंवा जीव घेऊ शकते. स्प्रिंग दाबून धरणारा दोन हुकांचा भाड्याचा कॉम्प्रेसर आणि मोबाइलवरचा व्हिडिओ एवढ्या भांडवलावर हे काम अंगणात करू नये. शिवाय स्ट्रट काढला की चाकाचा कोन बदलतो, म्हणजे अलाइनमेंटसाठी यंत्राकडे जावेच लागते. त्याच मोटारीचे मागचे शॉकअप या दोहोंच्या मधले आहेत. स्प्रिंग वेगळी बसलेली असते, पण ॲक्सल लटकू दिला तर ती जागेवरून निसटते. ॲक्सलला खालून दुसऱ्या जॅकचा आधार दिल्याशिवाय तिथे बोल्टला हात लावू नये. बॉल जॉइंट आणि लोअर आर्म हेही गॅरेजचेच काम, कारण तिथली चूक चाकच निखळवते. एक नियम सर्वच कामांना लागू आहे: नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक ओल्या मातीत रुततो आणि विटा-दगड भाराखाली फुटतात. कोबा केलेली सपाट जागा आणि लोखंडी स्टँड नसतील, तर गाडी उचलावी लागणारे काम घरी नाही.

हे वाचून दोन्ही बाजूंनी हरकती येतील. हौशी मंडळी म्हणतील, जगभर लोक घराच्या गॅरेजात स्ट्रटही बदलतात, आपणच का घाबरायचे? बदलतात हे खरे, पण त्यांच्याकडे पक्की जमीन, स्टँड, टॉर्क रेंच आणि चांगला कॉम्प्रेसर असतो, आणि दुखापत झालीच तर रुग्णवाहिका लवकर येते. पेठच्या पाड्यावर या सगळ्या गोष्टी आहेत असे धरून सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. दुसरी बाजू म्हणेल, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्यांना पाना कशाला द्यायचा, ज्याचे काम त्याने करावे. ही हरकत जास्त वजनदार आहे. पण ‘ज्याचे काम’ म्हणताना आपण गृहीत धरतो की गॅरेजमध्ये ते नीटच होते. गाडी लिफ्टवर असतानाच बुशचे बोल्ट आवळले जाणे, जुन्या शॉकअपमध्ये तेल भरून, वर रंग मारून तो ‘रिकंडिशन’ म्हणून पुन्हा विकला जाणे, जोडीऐवजी एकच बदलला जाणे, हे प्रकार आपल्या बाजाराला नवे नाहीत. ज्या मालकाने एकदा मागचा शॉकअप स्वतः बदलला आहे, त्याला पुढच्या स्ट्रटचे काम करून घेताना काय विचारायचे हे कळते. चांगल्या मेस्त्रीला असे गिऱ्हाईक नडत नाही. उलट सोपे काम घरी गेल्याने त्याचा वेळ कसबाच्या आणि जास्त मजुरीच्या कामाला मोकळा होतो.

तिसरी हरकत राजकीय आहे, आणि ती टाळून चालणार नाही. रस्ते धड नाहीत म्हणून शॉकअप मरतात. मग मालकाला शहाणपण शिकवण्याऐवजी रस्ते करणाऱ्यांना का विचारत नाही? जरूर विचारावे. नाशिक-पेठ हा आता राष्ट्रीय महामार्ग आहे, ८४८ क्रमांकाचा, आणि महामार्गावरचा खड्डा हा नैसर्गिक आपत्तीत मोडत नाही. पण रस्ता दुरुस्त होईपर्यंत गाडी त्याच रस्त्याने जाणार, तिच्यात शाळेची मुले आणि बाळंतपणाला निघालेल्या बाया बसणार. खड्ड्याबद्दल भांडण्याचा हक्क शाबूत ठेवूनही तेलाने माखलेला शॉकअप आजच बदलावा लागतो. शिवाय सदोष वाहन रस्त्यावर आणणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. अपघातानंतर खड्डा साक्षीला येत नाही, गाडी येते.

यात सरकारने करण्याजोगे काम लहान आणि स्वस्त आहे. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा आयटीआयचा जुना अभ्यासक्रम आहे. त्याच्या कार्यशाळेत पक्की जमीन, स्टँड आणि शिकवणारा माणूस या तिन्ही गोष्टी असतात. घाटाच्या तालुक्यांत वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, ही कार्यशाळा दोन रविवार गाडीमालकांना उघडी करावी: पहिल्या रविवारी तपासणी, दुसऱ्या रविवारी देखरेखीखाली मागचे शॉकअप आणि बुश बदलणे. जॅक-स्टँड आणि टॉर्क रेंचचा एखादा संच ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने भाड्याने द्यायला ठेवावा. वर्षातून दोन दिवस लागणारे हत्यार प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. परिवहन विभागाने खासगी गाडीच्या पंधरा वर्षांच्या मुदतीत निदान सातव्या आणि अकराव्या वर्षी सस्पेन्शन-ब्रेकची तपासणी सक्तीची करावी. तोवर मालकाने आपली हद्द स्वतः पाळावी. जिथे स्प्रिंग जागेवर राहते तिथे पाना जरूर उचलावा. जिथे ती मोकळी होणार आहे तिथे पाना खाली ठेवून गाडी मेस्त्रीकडे न्यावी, आणि तो बोल्ट कधी आवळतो ते शेजारी उभे राहून पाहावे.