तिसऱ्या वहीचा हिशेब

१९९४ सालच्या मार्च महिन्यात मी एका तालुक्याच्या गावी बँकेचा शाखाधिकारी होतो. वरच्या कार्यालयाने ठेवींचे उद्दिष्ट घालून दिले होते, गेल्या मार्चपेक्षा २० टक्के वाढ. ३० तारखेच्या संध्याकाळी वह्या पाहिल्या तेव्हा ११ लाख कमी पडत होते. मी बाजारपेठेतल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या पेढीवर गेलो, चहा घेतला आणि गळ घातली. भल्या माणसाने ३१ मार्चला १२ लाख आमच्याकडे ठेवले आणि वर्षअखेरीची गडबड संपून शाखेचे दार उघडताच काढून नेले. पुढे जूनमध्ये प्रशस्तिपत्र आले. मी ते काचेच्या चौकटीत बसवून केबिनमध्ये लावले. निवृत्तीला टेकलेले आमचे हेड कॅशियर ते वाचून म्हणाले, "साहेब, कागद झकास आहे. पैसे तेवढे नाहीत."

हे जुने पाप आठवायला निमित्त झाले विमानतळाचे. लेक लंडनला असते. तिला पोचवायला मुंबईच्या विमानतळावर गेलो होतो. सामानाची गाडी ढकलता ढकलता जावई कौतुकाने म्हणाले, "बाबा, हा अख्खा विमानतळ आता हरित विजेवर चालतो बरं का!" बातमी खरी होती. २०२२ सालापासून मुंबईच्या विमानतळाची सारी वीज पाणी, वारा आणि थोडी ऊन यांच्यापासून येते. मलाही बरे वाटले. पण निवृत्त झाला तरी बँकवाला कधी पुरता झोपत नाही. घरी परतताना मनात आले, हा हिशेब कोणत्या वहीतला? आणि उद्दिष्ट कोणत्या सालापासून मोजलेले?

मग वाचू लागलो. जगभरच्या विमानतळांच्या संघटनेने, प्रथम तिच्या युरोपातल्या शाखेने, २००९ साली 'एअरपोर्ट कार्बन ॲक्रेडिटेशन' नावाची योजना काढली. तिला शाळेतल्या इयत्तांसारख्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर फक्त मोजायचे, दुसरीवर घटवून दाखवायचे. पुढे भाडेकरू आणि विमान कंपन्या यांना बरोबर घ्यायचे आणि शेवटच्या पाचव्या पायरीवर स्वतःचे उत्सर्जन किमान ९० टक्क्यांनी खाली आणायचे. आकडे त्रयस्थाकडून तपासून घ्यावे लागतात. म्हणजे ऑडिट आहे, हे पाहून जिवाला बरे वाटले.

हिशेबाच्या वह्या तीन. पहिलीत विमानतळाने स्वतः जाळलेले इंधन, म्हणजे जनरेटर, आवारातल्या जीपगाड्या, अग्निशमनाचे बंब. दुसरीत विकत घेतलेली वीज. तिसरीत दुसऱ्याने जाळलेले, पण या विमानतळामुळे जळलेले इंधन. विमाने, प्रवाशांना आणणाऱ्या टॅक्सी, दुकानदार, सारे तिथे.

पहिल्या दोन वह्यांत खरोखर काम झाले आहे, हे आधी मोकळेपणाने सांगतो. कोचीचा विमानतळ १८ ऑगस्ट २०१५ रोजी जगातला पहिला पूर्ण सौर विमानतळ झाला. ४५ एकरांवर पट्ट्या मांडून १२ मेगावॉट वीज, आणि त्या पट्ट्यांखाली भाजीपाला! दिवसा उरलेली वीज राज्याच्या वीज मंडळाकडे ठेवायची आणि रात्री परत घ्यायची. ठेव कशी असावी याचा हा नमुना मला फार आवडला. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, तो योग्यच. दिल्लीने २०१९ साली धावपट्टीपर्यंत विमान ओढून नेणारे वाहन प्रवासी विमानासाठी वापरले, म्हणजे तेवढे अंतर विमानाची मुख्य इंजिने बंद. उभ्या विमानाला जमिनीवरून वीज दिली की त्याच्या शेपटीतले छोटे इंजिन फुकट जळत नाही. अशी ही कामे आहेत. यातले काही खोटे नाही.

पण उद्दिष्ट कसे मांडतात तिथे बारकाईने पाहावे लागते. पहिली गोष्ट आधारवर्ष. सोयीचे साल धरले की घट आपोआप दिसते. या योजनेच्या दुसऱ्या पायरीवर मागल्या ३ वर्षांची सरासरी धरतात, हे शहाणपणाचे आहे. मला त्या वेळी ३ वर्षांच्या सरासरीने कोणी तपासले असते तर कापूस व्यापाऱ्याचा चहा माझ्या नशिबी नव्हता.

दुसरी गोष्ट, घट एकूण की दरडोई? त्या पायरीवर दोन्ही चालते. समजा, एखाद्या विमानतळावर वर्षाला १० लाख प्रवासी येतात आणि दरडोई २ किलो कर्बवायू पडतो. एकूण २,००० टन. काही वर्षांनी प्रवासी २० लाख झाले आणि दरडोई आकडा दीड किलोवर आला. फलकावर लिहिता येईल, 'उत्सर्जनात २५ टक्के घट'. हवेत मात्र ३,००० टन गेले. हवेला दरडोईचा हिशेब कळत नाही. वरच्या, चौथ्या पायरीपासून एकूण घटच मागितली जाते, म्हणून ती पायरी महत्त्वाची. आपल्याकडे तर हा फरक जिवाचा आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे आणि सारे टप्पे पुरे झाले की ९ कोटींची. दरडोई आकडा कितीही खाली आला तरी बेरीज कुठे जाईल ते सांगायला गणिताचा मास्तर नको.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, ती तिसरी वही. विमानाचे १ किलो इंधन जळले की ३.१६ किलो कर्बवायू होतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या स्वतःच्याच हिशेबात ९० टक्क्यांहून अधिक उत्सर्जन उड्डाणांचे आहे. म्हणजे दिवे, वातानुकूलन, जीपगाड्या सगळे मिळून उरलेल्या थोडक्या हिश्श्यात. तिथे शंभर टक्के यश मिळवले तरी मुख्य खाते थकीतच.

विमानतळवाले म्हणतात, विमाने आमची नाहीत, कंपन्यांची आहेत. कंपन्या म्हणतात, आम्ही काय करणार, प्रवाशाला जायचे असते. हा युक्तिवाद मी जामीनदारांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. कर्ज दुसऱ्याने घेतले हे खरेच, पण सही तुमचीही आहे ना? धावपट्ट्या किती, उड्डाणे किती, विमान उतरण्याचे शुल्क किती, यात विमानतळाचा हात असतोच. हीथ्रोने २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत जमिनीवरचे उत्सर्जन किमान ४५ टक्के आणि हवेतले १५ टक्क्यांपर्यंत कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि २०२२ पासून कमी कर्बवायूचे इंधन वापरणाऱ्या कंपन्यांना सवलत देऊ केली. म्हणजे तिसऱ्या वहीलाही उद्दिष्ट घालता येते. तेच हीथ्रो तिसरी धावपट्टीही मागते आहे, हा भाग निराळा. माणसाचे असेच असते.

आपल्याकडे मोठ्या विमानतळांचे शुल्क ठरवायला केंद्राचे एक आर्थिक नियामक प्राधिकरण आहे. दर ठरवण्याआधी ते प्रस्ताव जाहीर करून सूचना मागवते. तिथे हा प्रश्न विचारता येईल की, स्वच्छ इंधनाच्या विमानाला उतरण्याचे शुल्क कमी का असू नये? आणि विमानतळांना माझे एवढेच मागणे आहे. हरित विजेच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, तिसऱ्या वहीची एकूण बेरीज लावा. यंदाची आणि गेल्या ३ वर्षांची.

कोणी म्हणेल, तुम्हाला विमानाचा एवढा राग का? राग मुळीच नाही. ६ वर्षांपूर्वी सौभाग्यवती अतिदक्षता विभागात होत्या. लेकीला रात्री फोन केला, दुसऱ्या रात्री ती उशाशी होती. आईने तिला ओळखले, हात धरला. तिसऱ्या दिवशी सारे संपले. ते विमान नसते तर काय झाले असते याचा विचार मी आजही करू शकत नाही. त्या विमानाने किती इंधन जाळले असेल, तेही मी नाकारत नाही. ज्या गोष्टीचे एवढे मोल आहे तिचा हिशेब तरी खरा असावा.

त्या प्रशस्तिपत्राची गोष्ट अर्धी राहिली. वर्षभरात माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याला नवे उद्दिष्ट मिळाले, माझ्या फुगवलेल्या आकड्यावर आणखी २० टक्के. बिचारा वर्षभर दारोदार हिंडला आणि शेवटी हेड कॅशियरना विचारता झाला, "गेल्या मार्चला एवढे पैसे आले तरी कुठून?" त्यांनी काय उत्तर दिले ते मला कळले नाही. विचारायचे धैर्यही झाले नाही. परवा निघताना नातवाने विमानाच्या दिशेने बोट दाखवून हात हलवला, तेव्हा तो तरुण अधिकारी मला आठवला.