गॅस गिझर न्हाणीघराबाहेर हवा

मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथे पर्यटकांना खोल्या देणाऱ्या प्रत्येक घरातील गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे सक्तीचे झाले पाहिजे, अशी या पत्राची स्पष्ट भूमिका आहे. बंद जागेत ज्वलनाला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू तयार होतो, तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून शरीराचा प्राणवायू रोखतो आणि धोका उमगण्याआधीच माणसाची शुद्ध हरपते. गळणाऱ्या सिलिंडरच्या वायूला निदान मुद्दाम मिसळलेला वास असतो. कार्बन मोनॉक्साइडबाबत तेवढीही सूचना मिळत नाही.

न्हाणीघरात गॅसबरोबर विजेचाही धोका असतो. किनाऱ्यावरील खारी हवा गॅसच्या रेग्युलेटरप्रमाणेच अर्थिंगही, म्हणजे सदोष उपकरणातील वीज जमिनीत उतरवणारी जोडणीही, गंजवते. म्हणून वीजगळती ओळखून ३० मिलिअँपिअरलाच पुरवठा तोडणारा स्विच ओल्या न्हाणीघरासाठी अनिवार्य मानावा लागेल.

गिझर बाहेर बसवण्याचा आणि स्विचचा खर्च दोन-तीन खोल्यांवर संसार चालवणाऱ्या कुटुंबांना जड जाईल, हे नाकारता येत नाही, आणि त्यासाठी शासनाने अर्थसाहाय्य द्यावे. परंतु पाहुण्याच्या जिवाची जोखीम हा त्यावरचा पर्याय नव्हे. दिवाळीच्या हंगामापूर्वी पर्यटन विभागाने परवानाधारक वीज कंत्राटदाराचा आणि गॅस वितरकाच्या तंत्रज्ञाचा तपासणी दाखला अशा घरांच्या नोंदणीसाठी बंधनकारक करावा.