इकडे सगळं छान आहे!

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. बर्लिनच्या विमानतळावर एका ज्युनियरला घ्यायला गेलो होतो. ओळख म्हणाल तर मित्राच्या मावसभावाचा मित्र. (परदेशात नाती अशीच असतात, हसू नका.) पोरगं बाहेर आलं ते एकाच बॅगेसकट. दुसरी मधल्या विमानतळावर राहिली होती आणि नेमकं तिच्यातच जॅकेट, कुकर आणि, हे त्याने फार हळू आवाजात सांगितलं, ओरिजिनल मार्कशीट्स. बाहेर मरणाची थंडी, याच्या अंगात टी-शर्ट. तेवढ्यात फोन वाजला.

"हो गं आई, पोचलो. हो, बॅगा मिळाल्या. दादा आलाय घ्यायला. सगळं छान आहे."

मी काहीच बोललो नाही. हेच वाक्य मी स्वतः इतक्या वेळा म्हटलंय की त्याला टोकायला तोंड नव्हतं. पण मॅग्डेबुर्गच्या गाडीत बसल्यावर मात्र त्याला यथेच्छ पकवलं. त्याला जे सांगितलं तेच आज इथे लिहितोय.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना सल्ले देणाऱ्यांची कमतरता नाही. कुकर कुठला घ्या, शिट्ट्या किती न्या, तेवीस किलोत काय काय बसतं, यावर आपल्याकडे पीएचडी झालेली माणसं आहेत. पण पहिल्या पंधरा दिवसांत घरी काय सांगायचं, यावर कुणी बोलत नाही. मला वाटतं तोच सगळ्यात मोठा घोळ आहे.

माझंच सांगतो. मी १ ऑक्टोबर २०२२ला मॅग्डेबुर्गला पोचलो. शनिवार, रात्रीचे नऊ. दुकानं बंद झालेली. म्हटलं उद्या बघू. दुसऱ्या दिवशी रविवार, जर्मनीत रविवारी दुकानं बंद. हे ऐकून माहीत होतं हो, पण ऐकून माहीत असणं वेगळं आणि रिकाम्या रस्त्यावर पिशवी घेऊन उभं राहणं वेगळं. बरं, सोमवार ३ ऑक्टोबर. त्या दिवशी जर्मन एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी! तीन वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरच्या रिलीज डेट्स सांभाळलेल्या माणसाने तिकीट काढताना कॅलेंडर बघितलं नव्हतं. मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात हे ज्ञान तिसऱ्या आठवड्यात झालं. तर ते दोन दिवस मी आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू आणि मेतकूट (भाताशिवाय, नुसतं, चमच्याने) यावर काढले. रात्री आईचा व्हिडिओ कॉल. "काय जेवलास?" "पास्ता केला मस्तपैकी."

ही पहिली थाप. तिच्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. अशा थापा माराव्यात. मेतकूट चमच्याने खाल्लं हे ऐकून आईने पुण्यात बसून काय करायचं होतं?

गंमत अशी की थापेचीही सवय लागते. खोली गार होती, "हीटर एकदम मस्त आहे". युक्रेनच्या युद्धामुळे त्या वर्षी गॅसची टंचाई होती. १ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी इमारतींत ऑफिसं १९ डिग्रीच्या वर तापवायची नाहीत असा नियमच केला होता, आणि घरोघरी येणाऱ्या बिलाच्या भीतीने लोक रेडिएटरला हात लावायला घाबरत होते. पहिल्या लेक्चरला अर्धं कळलं नाही, "प्रोफेसर फार छान शिकवतात". एक अख्खा दिवस कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो, "खूप मित्र झालेत". एकेक वाक्य तपासलं तर निरुपद्रवी आहे. पण दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की आईशी रोज अर्धा तास बोलणारा मुलगा कुणी तरी वेगळाच आहे. मजेत असतो बेटा. मला त्याचा हेवा वाटायला लागला होता.

आता माझ्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. तो नगरकडचा. वडील शिक्षक, कर्जासाठी राहतं घर बँकेकडे तारण. (शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण मागतात, आणि आपल्या मध्यमवर्गाकडे तारण म्हणजे दुसरं काय असणार?) त्याने निघायच्या आधीच ऑनलाईन खोली ठरवली होती. फोटो सुंदर. मालक म्हणे सध्या लंडनला असतो, किल्ली कुरियरने पाठवेल. भाडं २६०, डिपॉझिट दोन महिन्यांचं, एकूण ७८० युरो आधी भरा. वडिलांनी आपल्या खात्यातून भरले. तेव्हाच्या ऐंशीच्या भावाने बासष्ट हजारांच्या वर.

५ ऑक्टोबरला दोन बॅगा घेऊन हा त्या पत्त्यावर गेला. इमारत खरी होती. जर्मनीत दारावरच्या बेलपाशी राहणाऱ्यांची आडनावं लिहिलेली असतात, फ्लॅट नंबर नाही. याने त्या सगळ्या पाट्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. त्या मालकाचं नाव कुठेच नव्हतं.

पुढचे तीन आठवडे तो सिनियर्सच्या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपला. सिनियर्स देवमाणसं, त्यांनी एकदाही काही म्हटलं नाही. पण डोक्यावर छप्पर मिळालं म्हणून कागदावर पत्ता मिळत नाही, आणि जर्मनीत सगळी गंमत तिथेच आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं पत्र हवं. त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेष्टेटिगुंग. (एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.) नोंदणीचा कागद नसेल तर बँकेत खातं उघडताना अडतं. चालू खातं नसेल तर श्पेरकोंटोतले पैसे सुटत नाहीत. श्पेरकोंटो म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचे वर्षभराच्या खर्चाचे पैसे, जे महिन्याला ठरावीकच हातात येतात. आमच्या वेळी १०,३३२ युरो होते, महिन्याला ८६१. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ झाली, म्हणजे महिन्याला ९९२. आणि पैसे नसतील तर खोलीचं डिपॉझिट भरता येत नाही. आला की नाही पुन्हा पहिल्या पायरीवर? ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरला डेडलॉकवर हमखास प्रश्न यायचा, त्याचं इतकं चोख उदाहरण मला पुस्तकात मिळालं नव्हतं. स्वतःच्या नावावर दहा हजार युरो असलेला हा मुलगा माझ्याकडून वीस युरो उसने घेत होता.

आणि घरी? घरी तो दर रात्री माझ्या खोलीतून व्हिडिओ कॉल करायचा. माझी कॉट, माझं टेबल, माझी खिडकी. "ही बघ आई, माझी खोली." मी तेवढा वेळ कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहायचो. एकदा दार नीट लागलं नव्हतं. त्याचे वडील विचारत होते, खिडकी कुठल्या दिशेला आहे, ऊन येतं का सकाळी. आणि हा सांगत होता, "येतं ना, भरपूर येतं." माझ्या खोलीत ऊन येत नाही.

मी त्याला सांग म्हटलं होतं का? नाही. खरं म्हणजे मी त्याला मदत करतोय असंच मला वाटत होतं.

दिवाळी आली. २४ तारखेला लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण. भारतातही दिसणार होतं आणि जर्मनीतही. सगळ्यांच्या आया फोनवर, बाहेर पडू नका. हा मात्र ग्रहण लागलेलं असताना एक खोली बघून आला, तिथे याच्या आधी चाळीसेक लोक येऊन गेले होते. पाडव्याच्या रात्री माझ्या खोलीत येऊन त्याने फोन लावला, आणि त्याच्या आईने फराळाचं ताट कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा तो रडायला लागला. मग सगळं सांगितलं. मी या वेळी कॉरिडॉरमध्ये गेलो नाही, त्यानेच थांब म्हटलं.

वडील बराच वेळ गप्प होते. ओरडतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग झोपतोस कुठे?"

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. पैसे त्यांच्या खात्यातून गेलेले, त्यामुळे तक्रार तेच करू शकत होते. बँकेत पहिला प्रश्न हाच की तीन आठवडे काय केलंत? पैसे मिळाले नाहीत. लगेच गेले असते तर मिळालेच असते असं मी म्हणणार नाही, अशा प्रकरणात पैसे परत येणं अवघडच असतं. पण जे काही करता येण्यासारखं होतं ते पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, आणि ते करू शकणाऱ्या एकुलत्या एका माणसाला सकाळच्या उन्हाबद्दल सांगण्यात येत होतं.

"सांगून ते करणार काय, उगाच टेन्शन" हा आपल्या सगळ्यांचा आवडता मुद्दा. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. मी नंतर घरी एकदा आजारपणाचं खरं सांगितलं तेव्हा आई दोन रात्री झोपली नव्हती. सांगण्याची किंमत असते आणि ती त्यांनाच मोजावी लागते. पण राहत्या घराचे कागद बँकेत ठेवून सही करणारा माणस टेन्शन घेऊ शकत नाही, हे आपण कुठल्या आधारावर ठरवतो? आपण त्यांची काळजी करतो की आपली पत सांभाळतो? माझ्यापुरतं उत्तर मला माहीत आहे. "एवढे पैसे घालून पाठवलं आणि याला एक खोली नीट शोधता आली नाही" हे ऐकायची भीती होती मला. ते वाक्य घरातल्या कुणीही कधी म्हणालं नाही, मीच मनात म्हणत होतो.

शिवाय हे आपण शिकतो कुठे, तर घरीच. मी इकडे आल्यावर सहा महिन्यांनी कळलं की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "परीक्षा होती ना तुझी." म्हणजे दोन्हीकडून रोज अर्धा तास सगळं छान आहे!

जुन्या लोकांची एक सोय होती. इरावती कर्वे १९२८ साली डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या, सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, विरोध असताना आणि जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन. कर्जाचं ओझं आपल्यासारखंच. पण तेव्हा पत्र बोटीने जायचं. पत्र घरी पोचेपर्यंत अडचण एक तर सुटलेली असायची किंवा जुनी झालेली. रोज रात्री साडेआठला कॅमेऱ्यासमोर चेहरा ठेवून हसायची शिक्षा त्यांना नव्हती. आपल्याला रोज बोलायची सोय मिळाली आणि आपण ती रोज लपवायला वापरतो.

आमच्या धंद्यात अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात. स्टेटस रिपोर्टमध्ये बाहेरून हिरवंगार, कापलं की लालभडक. रिलीजच्या आदल्या दिवशी मॅनेजर विचारतो, आधी का नाही सांगितलं? आणि टीममधले सगळे बुटांकडे बघतात. ऑफिसात असं करणाऱ्याला आपण शिव्या घालतो.

माझा नियम साधा आहे. जेवण, थंडी, लेक्चर कळलं नाही, करमत नाही, यावर खुशाल थापा मारा, आईला त्या तशाही कळतात. पण पैसा, पत्ता आणि तब्येत, या तीन बाबतीत त्याच दिवशी सांगायचं.

त्या मुलाचं पुढे बरं झालं. वडील रोज रात्री विचारायचे, आज किती खोल्या पाहिल्या, कुणी काय म्हटलं. आठवड्याच्या आत एक खोली मिळाली. छोटी, उत्तरेकडची, ऊन नाही. तसं त्याने सांगितलंही.

असो. तर गाडीत ज्युनियरला हे सगळं ऐकवून झालं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता, अंधारात दिसण्यासारखं काही नव्हतं. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. पॉट्सडॅम गेल्यावर त्याने फोन काढला.

"आई, झोपलीस? नाही गं, ठीक आहे सगळं... म्हणजे, एक बॅग आली नाहीये अजून. मार्कशीट्सवाली."

पलीकडून एकदम दोन-तीन आवाज. लाईट लागले असणार, बाबाही उठले असणार. त्याने फोन कानापासून जरा लांब धरला, मग पुन्हा लावला, पावती कुठे आहे, तक्रारीचा नंबर काय, सगळं सांगितलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "आई विचारतेय, दादाकडे जास्तीचा स्वेटर आहे का?"

होता.